चोविसाव्या हिश्श्याचे विमान



'नमुना' हा शब्द तुमच्या घरच्या उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. दुकानदार कापडाचा नमुना दाखवतो, शिक्षक अर्जाचा नमुना फळ्यावर लिहितात. आज मी तुम्हांला एका वेगळ्या नमुन्याविषयी सांगणार आहे. तो एका जुन्या लढाऊ विमानाचा आहे आणि तो मी स्वतःच्या हातांनी केला आहे.

बाजारात विमानांचे आयते संच मिळतात. खोक्यात प्लॅस्टिकचे भाग असतात. ते चिकटवले, वर रंग दिला, की विमान तयार. त्यात वाईट काही नाही. पण मला दुसरी रीत आवडते. आराखडा समोर ठेवायचा आणि प्रत्येक भाग लाकूड, कागद, पत्रा, दोरा यांतून आपणच घडवायचा. या रीतीने महिने लागतात. मात्र एक गोष्ट घडते. आयत्या संचात जे आधीच झाकलेले असते, ते सारे तुम्हांला आधी उघडे पाहावे लागते. पंखाच्या आत काय आहे हे ठाऊक नसेल, तर पंख करणार कसा?

मी निवडलेल्या विमानाचे नाव एस. ई. 5 ए. इंग्लंडमधील फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात त्याची रचना झाली. या रचनेचे पहिले विमान नोव्हेंबर 1916 मध्ये उडाले. पहिल्या महायुद्धात अशी पाच हजारांहून अधिक विमाने बांधली गेली, आणि ती बांधणाऱ्यांत मोटारी तयार करणाऱ्या कंपन्याही होत्या. विमानाचे नाकही मोटारीसारखेच चौकोनी आहे, कारण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर तेथे समोरच बसवलेला असे. काही जणांना हे विमान कुरूप वाटते. मला वाटत नाही. काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासारखे ते साधे आहे.

आता प्रमाणाचे पाहू. उर्दूत तुम्ही 'पैमाना' म्हणता, तेच. मी 1:24 हे प्रमाण घेतले, म्हणजे खऱ्या विमानाचा चोविसावा हिस्सा. त्याला कारण आहे. या विमानाचे जुने आराखडे फूट आणि इंचांत आहेत. एका फुटात बारा इंच, म्हणजे चोवीस अर्धे इंच. तेव्हा खऱ्या विमानाच्या एका फुटाला नमुन्यात अर्धा इंच धरला की हिशेब तोंडी होतो. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 26 फूट 7 इंच, सुमारे 8.1 मीटर. नमुन्यात ती झाली जवळजवळ 34 सेंटिमीटर. नाकापासून शेपटीपर्यंत 20 फूट 11 इंच, त्याचे झाले साडेसव्वीस सेंटिमीटर. विमान तुमच्या वहीपेक्षा थोडेसेच लांब!

पंखापासून सुरुवात केली. पंखाला माणसासारख्या फासळ्या असतात. प्रत्येक फासळीचा आकार अगदी सारखा हवा. वरून थोडा फुगीर, मागे निमुळता. एकही फासळी उंच राहिली, तर वरचा कागद तेथे टेंगूळ आल्यासारखा दिसतो. मग सारख्या फासळ्या कशा करायच्या? फर्निचरवर चिकटवतात तो लाकडाचा पातळ पापुद्रा मी आणला. त्याला सुतार व्हिनियर म्हणतात. त्याच्या पट्ट्या कापल्या. फासळीच्या आकाराचे पत्र्याचे दोन साचे केले. सगळ्या पट्ट्या एकावर एक रचून त्या दोन साच्यांत दाबून बसवल्या आणि गठ्ठा कानशीने एकदमच घासला. गठ्ठा सोडला तेव्हा सगळ्या फासळ्या जुळ्या भावंडांसारख्या निघाल्या. फासळ्या ओवण्यासाठी लांब दांडे लागतात. त्यांसाठी बांबूच्या काड्या घेतल्या. पतंग करणारा कारागीर बांबू कसा सोलतो हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सुरी पुढे ढकलायची नाही, बांबू सुरीवर ओढायचा.

बाकीचे भाग घरातल्याच वस्तूंतून मिळाले. रेडिएटरला जुन्या चहाच्या गाळणीची जाळी. चाकांना नळाचे रबरी वॉशर. वैमानिकासमोरच्या काचेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. घड्याळासारखी दिसणारी यंत्रे मी टोकदार पेन्सिलीने काढली. त्यांतले सर्वांत लहान यंत्र तांदळाच्या दाण्याएवढे आहे.

यानंतर कापड. खरे विमान वरून लिननने मढवलेले असे. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्यांचे कापड. तुम्हांला वाटेल, मग नमुन्यावरही लिननच लावावे. पण तसे करता येत नाही. विमान चोवीसपट लहान झाले, तरी कापडाचा धागा लहान होत नाही. लिनन लावले असते, तर विमानाला गोणपाट गुंडाळल्यासारखे दिसले असते. म्हणून मी अगदी पातळ कागद घेतला. तो खळीने चिकटवला आणि त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला. ओला कागद सुकताना आवळतो आणि ढोलकीच्या कातड्यासारखा ताठ होतो. पंखाच्या दोन्ही बाजू मात्र एकाच वेळी ओल्या कराव्या लागतात. एकच बाजू आवळली, तर सगळा पंख पिळवटतो.

खऱ्या कापडाला पाणी नव्हे, तर 'डोप' नावाचे रोगण लावत. त्याने कापड आवळे आणि त्यातून हवा जाईनाशी होई. येथे थोडे थांबा. युद्धाच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये या रोगणात टेट्राक्लोरोइथेन नावाचे द्रावण असे. त्याच्या वाफेने कारखान्यांतील कामगारांना विषारी कावीळ होई. त्या कामात स्त्रिया पुष्कळ होत्या आणि काहींचा त्यात मृत्यूही झाला. पुढे ते द्रावण बंद करण्यात आले. युद्ध सीमेवर होते आणि या कामगार रंगाच्या खोलीत होत्या. तरीही त्यांतल्या काही घरी परतल्या नाहीत. पुस्तकांत वैमानिकांची नावे ठळक अक्षरांत असतात. या स्त्रियांची नावे मला फारशी कोठे दिसली नाहीत.

कापड फासळ्यांना शिवण्याचे कामही हातांचेच. सुई पंखाच्या वरून खाली न्यायची, फासळीला वळसा घालून पुन्हा वर आणायची आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ मारायची. का बरे? गोळी लागून एक टाका तुटला, तर नुसता दोरा उसवत जाऊ नये म्हणून. गोधडी घालणाऱ्या तुमच्या आजीला हे सांगा, ती लगेच मान डोलावेल. माझ्या नमुन्यात हे टाके दाखवणे अशक्य होते. फासळीवर कागदाची बारीक पट्टी चिकटवली आणि तिच्याखाली टाके आहेत असे मानले.

सर्वांत जास्त वेळ तारांनी घेतला. या विमानाला एकावर एक असे दोन पंख आहेत. दोन का, असे तुम्ही विचाराल. एक प्रयोग करा. पुठ्ठ्याची लांब पट्टी एका टोकाला धरा. दुसरे टोक खाली वाकेल. आता तशाच दोन पट्ट्या घ्या. त्यांच्यामध्ये आगपेटीच्या काड्या उभ्या चिकटवा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके दोरे ताणून बांधा. आता टोक वाकणार नाही. रेल्वेचा लोखंडी पूल याच युक्तीवर उभा असतो. विमानातही तेच. काही तारा विमानाच्या पोटापासून तिरप्या वर जातात. हवेत असताना पंख वर दुमडू नयेत, म्हणून त्या धरून ठेवतात. काही तारा उलट दिशेने, वरून खाली येतात. विमान जमिनीवर उभे असताना पंख आपल्याच वजनाने लोंबू नयेत, यासाठी त्या असतात. एक तार जास्त ओढली, तर दुसरी ढिली पडते. जुन्या बाजेची नवार ताणताना एका कोपऱ्यात ओढले की दुसरा कोपरा उचलला जातो, तसेच हे आहे. मी मासे पकडण्याच्या गळाचा बारीक नायलॉनचा दोरा वापरला. तो बांधून झाला की दुरून जळत्या अगरबत्तीची धग द्यायची. दोरा आपोआप आवळतो. अगरबत्ती जरा जवळ गेली, की दोरा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

रंगाविषयी नमुने करणारे लोक आपसांत खूप भांडतात. वरच्या बाजूच्या रोगणात पिवळी माती आणि काजळी मिसळलेली असे. उन्हाने कापड कुजू नये, हा त्याचा उद्देश. हा रंग कोणाला हिरवा दिसतो, कोणाला तपकिरी. मी गढूळ पाण्यात भिजलेल्या चिंचेच्या पानासारखा रंग केला आहे. भांडणाऱ्यांनी भांडावे.

आता बंदुकांकडे येतो. या विमानावर दोन मशीनगन होत्या. एक वरच्या पंखावर. तिची गोळ्यांची चकती संपली, की वैमानिक ती बंदूक वाकड्या रुळावरून आपल्याकडे खाली ओढून घेई, आणि सुसाट वाऱ्यात नवी चकती बसवी. दुसरी वैमानिकासमोर होती. तिची गोळी नाकावर फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांमधून जाई आणि पाते मात्र फुटत नसे, कारण नळीतल्या तेलाच्या दाबाने गोळीची वेळ साधलेली असे. ही युक्ती रुमानियाचे कॉन्स्टँटिनेस्कू यांची.

मी ही बंदूक घासत होतो, तेव्हा नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, या विमानाने माणसे मारली ना? मग तुम्ही ते एवढ्या मायेने का करता?"

प्रश्न खरा होता. बंदुका न लावताच नमुना पुरा करावा, असे माझ्याही मनात येऊन गेले होते. तसे केले असते, तर विमान सुंदर खेळणे झाले असते आणि खोटे झाले असते. मी तिला म्हटले, "हे विमान उडवणाऱ्या एका मुलाची गोष्ट ऐक, मग तूच सांग."

तो मुलगा म्हणजे इंद्रलाल रॉय. जन्म 2 डिसेंबर 1898, कलकत्ता. शिक्षण लंडनमध्ये. 1917 मध्ये त्याने ब्रिटिश हवाई दलात जाण्यासाठी अर्ज केला, तेव्हा डोळे कमजोर म्हणून त्याला नाकारले. त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली आणि तो निर्णय बदलून घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्याचे विमान कोसळले. विमान याच जातीचे होते. दुखापतीतून बरा होत असताना तो काय करत होता, ठाऊक आहे? विमानांची चित्रे काढत होता. त्यांतली पुष्कळ चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. त्याला मरण्याच्या दारात नेणारे यंत्र तो पुन्हा पुन्हा कागदावर काढत होता!

1918 च्या जुलैमध्ये, दोन आठवड्यांच्या आत, त्याच्या नावावर दहा विजय नोंदले गेले. 22 जुलै 1918 रोजी हवाई लढाईत त्याचे विमान पेटून पडले. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. हा सन्मान मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याची कबर उत्तर फ्रान्समधील एस्तेवेल या गावी आहे. त्याचा भाचा सुब्रोतो मुखर्जी 1954 मध्ये स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला.

मुलगी गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि ते दहा विजय? त्या विमानांतही मुलेच असतील."

हो, असतील. 'विजय' या शब्दाने ती झाकली जातात. मी तिला एवढेच दाखवले की, पेट्रोलची मोठी टाकी इंजिनाच्या मागे, वैमानिकाच्या अगदी पुढ्यात आहे. मी ती पत्र्याच्या तुकड्यातून वाकवून केली होती. ब्रिटिश वैमानिकांना त्या वेळी पॅराशूट दिले जात नसे. टाकी आणि वैमानिकाची खुर्ची यांतले अंतर नमुन्यात पट्टीने मोजता येते. तिने ते मोजले. आकड्याला चोविसाने गुणले. तोंडाने काही बोलली नाही.

नमुना आता पुरा झाला आहे. त्याच्या उजव्या पंखांवर मी कागद लावलेला नाही. डाव्या बाजूने पाहाल, तर रंगवलेले, गोल खुणांचे विमान दिसेल. उजव्या बाजूने फासळ्या, बांबूचे दांडे आणि दोरे. खुर्ची रिकामी ठेवली आहे. सात सेंटिमीटरचा वैमानिक करता आला असता, पण त्याला कोणाचा चेहरा द्यायचा, हे ठरेना.

तुम्हांला असे काही करायचे असेल, तर आधी फक्त एक पंख करा. आराखडा चौकटीच्या कागदावर उतरवून घ्या. फासळ्यांचे साचे पत्र्याचेच करा. पुठ्ठ्याची कड कानशीखाली झिजते. पूर्ण विमान हातात घेण्याची वेळ आली, तर पंखांना धरू नका, तारा तुटतील. चाकांच्या वर, पोटाखाली बोटे घाला आणि सावकाश उचला.