निर्णयांनाही कंडेमिंग लिमिट हवी

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची आरडीएसओ ही संस्था आहे. 1957 साली सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर एकत्र करून ती उभी राहिली. रूळ, डबे, इंजिनं, सिग्नल यांची मानकं इथं ठरतात. एलएचबी डब्याचं नवं चाक 915 मिलिमीटर व्यासाचं असतं. ते धावून झिजतं, लेथवर कातलं जातं, अजून लहान होतं आणि 845 मिलिमीटरवर आलं की बाद. रेल्वेतली माणसं याला कंडेमिंग लिमिट म्हणतात. चाकावर खर्च किती झाला, ते कुणी मागवलं होतं, हे प्रश्न त्या वेळी कुणी काढत नाही. मोजमाप घ्यायचं आणि निकाल द्यायचा.

व्यवस्थापक निर्णय कसे घेतात आणि चुकलेले निर्णय का सोडत नाहीत, हा माझ्या अभ्यासाचा विषय. चाकाला असते तशी रेघ निर्णयाला नसते, हे मला या विषयातलं सगळ्यात मोठं दुखणं वाटतं.

बॅरी स्टॉ यांनी 1976 साली व्यवस्थापनाच्या 240 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. कागदावरच्या एका कंपनीचे दोन विभाग. त्यांपैकी एकाला एक कोटी डॉलर द्यायचे. काही विद्यार्थ्यांनी तो विभाग स्वतः निवडला, काहींना आधीच कुणीतरी निवडलेला मिळाला. पुढे आणखी दोन कोटी वाटायची वेळ आली. आपण निवडलेला विभाग बुडतोय हे ज्यांना दिसत होतं, त्यांनीच त्यात सर्वांत जास्त पैसे ओतले : सरासरी एक कोटी तीस लाख. आकडे सर्वांसमोर होते. फरक होता तो ‘हे मी ठरवलं’ या भावनेचा.

यावरून भावनाच वाईट, असा निष्कर्ष काढला जातो. तो मला पटत नाही. हाँगकाँगचे वाँग, यिक आणि क्वाँग यांनी 2006 मध्ये दाखवलं की फसलेल्या निर्णयाचं ज्यांना मनापासून वाईट वाटतं, ते उलट लवकर बाहेर पडतात. नकोसं वाटतं, म्हणून माणूस तिथून निघतो. वाँग आणि क्वाँग यांच्या पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात खरा अडथळा सापडला. तो म्हणजे उद्याच्या पश्चात्तापाची भीती : ‘आज सोडलं आणि उद्या जमलं असतं तर?’ प्रशिक्षणवर्गात हीच वाक्यं माझ्या कानावर येतात. ‘एवढं केलंय, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं?’ ‘मध्येच थांबलो तर वर काय तोंड दाखवू?’ दुःख माणसाला सोडवतं. अभिमान आणि लोकलाज त्याला अडकवतात.

महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला याचं जवळचं उदाहरण मडगावात मिळेल. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. सह्याद्रीच्या कुशीतून सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग काढणाऱ्या संस्थेला आत्मविश्वास वाटणं साहजिकच होतं. त्या बळावर बी. राजाराम यांच्या कल्पनेतली स्कायबस आली : खांबांवरच्या मार्गाला खालून लटकत धावणारी गाडी. मडगावला दीडेक किलोमीटरचा चाचणी मार्ग उभारला गेला. सप्टेंबर 2004 मध्ये चाचणीदरम्यान अपघात झाला आणि एक कर्मचारी प्राणाला मुकला. शहरांत स्कायबस कधीच धावली नाही, पण प्रकल्प गुंडाळायला 2013 उजाडलं. स्वदेशी शोधाचा अभिमान ही चांगली भावना आहे. पण पुरावा मागण्याचं काम तिच्यावर सोपवता येत नाही.

याच संस्थेचं दुसरं अपत्य म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारं यंत्र, एसीडी. ते ईशान्य सीमा रेल्वेवर बसवलं गेलं. उपग्रहाच्या मदतीने गाडीची जागा ओळखताना ती शेजारशेजारच्या रुळांपैकी नेमक्या कोणत्या रुळावर आहे, हे खात्रीने कळणं अवघड होतं. इथं रेल्वेने वाट बदलली. आरडीएसओने भारतीय कंपन्यांसोबत नवी प्रणाली विकसित केली. तिच्यात रुळांमध्ये बसवलेले टॅग इंजिनाला जागा सांगतात. 2016 मध्ये प्रवासी गाड्यांवर चाचण्या सुरू झाल्या आणि 2020 मध्ये ‘कवच’ ही राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. टक्कर टाळायची, हे उद्दिष्ट कुणी सोडलं नाही. सोडलं ते साधन. चिकाटी आणि हट्ट यांतला फरक मला इथं स्पष्ट दिसतो. चिकाटी उद्दिष्टाला धरून राहते, हट्ट साधनाला.

मग करायचं काय? ‘भावना बाजूला ठेवा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, त्या बाजूला राहत नाहीत. मन शांत असताना, म्हणजे सुरुवातीलाच, रेघ आखून ठेवायची. प्रकल्पाच्या पहिल्या टिपणीतच लिहावं : अमुक तारखेपर्यंत अमुक झालं नाही, किंवा खर्च अमुक रकमेच्या वर गेला, तर काम थांबेल. आणि मोजणारा माणूस ठरवणाऱ्याहून वेगळा असावा. स्टॉ, बारसेड आणि कोपुट यांनी 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 132 बँकांच्या नऊ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वरिष्ठ अधिकारी बदलले की बुडीत कर्जं कबूल होतात, असं आढळलं. नव्या माणसाला जुन्या कर्जाची लाज वाटत नाही.

तिसरी गोष्ट वरिष्ठांच्या हातात आहे. वेळेवर थांबणाऱ्याच्या गोपनीय अहवालात ते अपयश म्हणून नोंदवलं गेलं, तर दुसरा कुणी थांबणार नाही. तेव्हा नव्या वर्षाच्या आखणीला बसाल, तेव्हा प्रत्येक मोठ्या कामासमोर ते कधी थांबवायचं, याचा आकडा लिहा, आणि वेळ आल्यावर तो आकडा पाळणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा.