दावतनाम्यावर मुलीचं नाव

डिसेंबरात मुलीचा निकाह ठरला, तसा सासऱ्यांनी छापखान्यातून दावतनाम्याचा नमुना आणला. सोनेरी किनार, आत सगळा मजकूर उर्दूत. आमच्या घरात उर्दू सफाईनं वाचणारे ते एकटेच. मी म्हटलं, "अब्बा, जरा वाचून दाखवा." नवऱ्या मुलाचं नाव होतं, दोन्हीकडच्या वडिलांची होती. माझ्या मुलीच्या जागी होतं 'दुख्तर-ए-नेक-अख्तर', म्हणजे भाग्यवान कन्या. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "दादा, यात मी कुठं आहे?"

मला माझा दावतनामा आठवला. त्यातही मी नव्हते, आणि वेळ होती 'बाद नमाज-ए-मगरिब'. माहेर कसबा बावड्यातलंच. शेजारच्या काकूंनी ते कार्ड देव्हाऱ्यात जपून ठेवलं, पण यायचं कधी ते त्यांना कळलं नाही. अब्बांना वाटलं अम्मीनं सांगितलं असेल, अम्मीला वाटलं अब्बांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू साडी घेऊन आल्या, तेव्हा मी सासरी निघून गेले होते. ज्यांच्या चुलीपाशी मी लहानपणी जेवले, त्याच नेमक्या राहिल्या.

शिवाय मगरिब आपल्याकडं डिसेंबरात सहाच्या सुमाराला होते, जूनमध्ये सातनंतर. ज्याच्या कानावर रोज अजान पडते पण अर्थ ठाऊक नाही, त्यानं घड्याळ कसं लावायचं?

सासऱ्यांना आधी पटेना. "निकाहाचं बोलावणं मराठीत?" मी म्हटलं, "अब्बा, १८७४ साली याच बावड्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी कुरआनचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून पैसा दिला. आपलं तर साधं कार्ड आहे." ते हसले, पण वर बिस्मिल्लाह उर्दूतच राहील म्हणाले. राहू दिली, मलाही तेच हवं होतं.

मग मी वहीत लिहायला बसले. मुलीचं नाव, तिच्या आई-वडिलांची नावं, निकाह संध्याकाळी साडेसहाला, जेवण आठपासून, शाकाहारींची वेगळी सोय. 'सहकुटुंब' लिहिलं आणि खोडलं. त्याजागी आपल्याकडचा शब्द घातला, 'चूलबंद आवतण'. त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही! छापखान्यातल्या पोरानं दोनदा विचारलं, हेच छापायचं का म्हणून.

पहिलं कार्ड काकूंना दिलं. आता नजर अधू झालीय. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचलं, मुलीच्या नावापाशी थांबल्या, परत वाचलं. मग विचारलं, "साडेसहा म्हंजे साडेसहालाच न्हवं?"