वस्तीची गाडी

पोलादपूरच्या डोंगरात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची एसटी हे आमच्या बालपणीचे अप्रूप. तिच्या वाहकाला गाव ‘मास्तर’ म्हणे. त्याला जेवू घालणे घरोघरी मानाचे वाटे.

पुढे आम्ही महाडला खरेच मास्तर झालो. आमचा एक विद्यार्थी मराठी घेऊन बी.ए. झाला आणि एसटीत वाहक म्हणून लागला. २०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिल २०२२पर्यंत चालला. तेवढे महिने पगाराविना काढूनही तो टिकला. पहाटेची फेरी, रात्रीचा मुक्काम, कशाचीच तक्रार नव्हती. नोकरी सोडली ती नंतर, लग्न जमेना म्हणून.

तरुण या व्यवसायात का राहत नाहीत, यावर वर्गात बोलणे सोपे (आम्ही बोलतोही). पण त्याचे स्थळ आमच्याच नात्यात आले होते. ‘कंडक्टरच ना?’ एवढे म्हणून नकाराचा फोन आम्हीच केला होता.