ओला की कोरडा?

फटफटी सुरू होत नसली म्हणजे माणसाचा स्वभाव कळतो. कोणी तिला लाथांवर लाथा घालतो, कोणी उतारावर नेऊन ढकलतो, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकत बसतो. मी या तिन्ही वर्गांत मोडतो, हे मला गेल्या दिवाळीआधीच्या एका रविवारी समजले.

फटफटी अण्णांची. १९७४ सालची बुलेट. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असताना साताऱ्याच्या आसपासचे कालवे त्यांनी तिच्यावरून पालथे घातले. शेवटच्या आजारात ते पुण्याला थोरल्या भावाकडे होते. दर रविवारी फोनवर विचारीत, "गाडी सुरू केलीस ना रे?" आणि मी "हो, अण्णा" म्हणत असे. वस्तुतः मी तिच्यावरची ताडपत्रीसुद्धा उचलली नव्हती. अण्णा गेले, त्यानंतरही दोन वर्षे गाडी पडवीत तशीच राहिली. मग एका भंगारवाल्याने तिची किंमत सांगितली. ती ऐकून मला राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी पाने-पकडी घेऊन बसलो.

माझे निदान तयार होते: पेट्रोल शिळे झाले. शिळ्या पेट्रोलचा उडून जाणारा भाग उडून जातो आणि मागे चिकटा राहतो. तो कार्बोरेटरच्या जेटमधल्या बारीक भोकात बसला की इंजिनाला थेंब मिळत नाही. मी टाकी रिकामी केली, ताजे पेट्रोल भरले, जेट फुंकून साफ केला, बॅटरी चार्ज करून आणली. मग किक. पन्नास तरी मारल्या असतील. शेवटी पाय घसरून नडगी सोलून निघाली.

पायरीवर नडगी चोळत बसलो, तेव्हा अण्णांचा प्रश्न आठवला. गाडी अडली की ते आधी प्लग काढीत, नाकाशी नेत आणि माझ्यापुढे धरून विचारीत, "ओला की कोरडा?" कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही. एवढ्या एका प्रश्नाने अर्धी फटफटी निर्दोष सुटते. मी सकाळपासून त्या निर्दोष अर्ध्याचीच झडती घेत होतो! प्लग काढला. ओलाचिंब. तो सिलिंडरच्या पात्यांवर टेकवून किक मारली. ठिणगी नाही.

मग अ‍ॅमीटरकडे लक्ष गेले. चावी देऊन किक सावकाश दाबली की त्याचा काटा डावीकडे झुकावा आणि पुन्हा मध्यावर यावा. पॉइंट मिटतात नि उघडतात, त्याची ती नाडी. सकाळपासून काटा मध्यावर निश्चल होता, आणि मला ते सुलक्षण वाटले होते! उजव्या बाजूचे टोपण काढले. पॉइंटांवर दोन पावसाळ्यांची राखी साय धरली होती. तेवढ्याने वीज अडते. हत्यारांच्या पेटीत एका काडेपेटीत पॉलिशपेपरचा तुकडा घडी करून ठेवलेला सापडला. अण्णांनीच ठेवलेला. तो पॉइंटांवरून दोनदा फिरवला, कापडाने पुसले. काटा झुकला.

दर रविवारी गाडी थोडी चालती, तर ती साय बहुधा धरलीच नसती. माझे प्रत्येक "हो" तिथे साचून बसले होते. आणि आता वाटते, अण्णांना ते ठाऊक असावे. वासावरून प्लग ओळखणाऱ्या माणसाला फोनवरचे कोरडे उत्तर ओळखू येणार नाही, असे थोडेच आहे? तरी ते पुढच्या रविवारी पुन्हा विचारीत.

किक जड लागेपर्यंत दाबली, डिकम्प्रेसर ओढून किंचित पुढे नेली, आणि मारली. दुसऱ्या खेपेला पडवी दणाणली. आई पदराला हात पुशीत दारात आली.

"आत सुरू ठेवू नकोस रे. धूर घरात येतो."

चाळीस वर्षे हेच वाक्य ती अण्णांना ऐकवीत आली होती. फक्त "नका"चे "नकोस" झाले होते. मी गाडी अंगणात घेतली.