नव्या भाताचा वास

नुकत्याच कापलेल्या भाताला एक ओलसर, गोडूस वास असतो. उन्हात तो पातळ होतो, सावलीत दाटतो, आणि बंद खोलीत रात्रभर कोंडला तर पहाटे अंथरुणातच आपल्याला शोधत येतो. बदलापूरहून बारवीच्या रस्त्याला लागलं की दिवाळीच्या आगेमागे तो अजूनही भेटतो. शेतांच्या मधे इमारती उभ्या राहिल्यामुळे आता तुटक येतो इतकंच. एका वळणावर असतो, पुढच्यावर नसतो. ताईच्या लग्नाचे दिवस मला आठवतात ते या वासाने.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं मोकळी होतात. ताईचा मुहूर्त त्यानंतरचा, हॉल अंबरनाथचा. सजावटवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबा नुसतेच "बरं" म्हणाले. ते "बरं" घरातल्या सगळ्यांना कळलं. मग रात्री भांडी घासता घासता काकू म्हणाली, "टेबलं आपण सजवू. रुखवत करतोच ना हातांनी?" आणि दोन दिवसांत मुळगावच्या मामाने मोटरसायकलला बांधून लोंब्यांसकट भाताच्या पेंढ्या आणल्या, आणि कुळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत शेत मुक्कामाला आलं.

लोंब्या उलट्या टांगायच्या असतात, म्हणजे देठ सरळ वाळतात. गॅलरीतल्या दोऱ्या त्यांनी घेतल्या आणि टॉवेल खुर्च्यांवर गेले. हिरवी झाक दिवसादिवसाने उतरत गेली. दुपारचं तिरपं ऊन त्यांच्यातून गाळून फरशीवर पडायचं, आणि चिमण्या मुलाकडच्यांच्या आधी येऊन जेवून जायच्या. गळलेले दाणे आजी वाकून वाकून वेचायची. पायाखाली अन्न नको. वाटी भरली की खिडकीत रिकामी करायची, पुन्हा वाकायची. किती वाकली असेल त्या कार्तिकात!

माळ्यावरून संक्रांतीची सुगडं निघाली, शेजारच्यांचीही आली. त्यांना गेरू लावून वर चुन्याचे ठिपके द्यायचे, आणि ठिपक्यांसाठी आजोबांनी काड्यांचा जुना डबा काढून दिला. ते अंबरनाथच्या विमकोतले, काडेपेटीच्या कारखान्यातले. गुल नसलेल्या त्या कोऱ्या काड्या त्यांनी इतकी वर्षं कशासाठी जपल्या होत्या, कोण जाणे. उरलेल्या काड्यांचं त्यांनी रुखवतासाठी एक घर केलं. खिडक्या उघडणारं. आजी म्हणाली, "आपल्या घराला नाहीत एवढ्या खिडक्या!" ते हसले नाहीत, आणखी एक खिडकी कापत बसले.

लेस आणायला मात्र उल्हासनगरच. फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या सिंधी माणसांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, 1949 मध्ये त्या छावणीला गावाचं नाव मिळालं, आणि पत्ते अजूनही कॅम्प एक, कॅम्प दोन असेच सांगतात. बेताच्या पैशांत लग्न साजरं करावं ते या गावाच्या जिवावर, असं माझं पक्कं मत आहे. तिथल्या दुकानदाराने ताग्यांच्या शेवटच्या सोनेरी तुकड्यांचा ढीगच काकूसमोर ओतला आणि "भाभी, निवडा निवांत" म्हणून स्वतः चहा प्यायला गेला. परतीच्या लोकलमध्ये ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते. भाताचा वास माझ्या ओढणीलाही लागलेला, समोरच्या बाईने हुंगून विचारलं, "गावाहून आलात का?"

फुलांना पैसे पडले ते झेंडूपुरतेच. कुरडू रुळांकडेच्या माळावर वाऱ्याने लवत होता, गुलाबी-पांढरा, कोणाच्याच मालकीचा नसलेला. आईला मात्र तो बघवेना. "लोक म्हणतील, तण आणून ठेवलं." तिची ती भीती आम्हाला तेव्हा चिडवण्यासारखी वाटली. आता वाटतं, खर्चाची सगळी काळजी तिने त्या एका कुरडूवर काढली असावी. बाकी कशावर काढणार?

लग्नाच्या सकाळी हॉलमधल्या लांब टेबलांवर वाढप्यांनी पांढऱ्या कागदाची भेंडोळी उलगडली, आणि मागोमाग आम्ही सुगडं मांडत गेलो: लोंब्या, कुरडू, एकेक झेंडू, गळ्याला लेस. वरणभाताच्या वाफेत तो कच्चा, शेतातला वास मिसळला. पहिल्या पंगतीत विहीणबाईंनी सुगड उचलून नाकाशी नेलं आणि आईला विचारलं, "कुठल्या डेकोरेटरचं हो हे?"

कितीतरी दिवस मनात सबबी जुळवणारी आई म्हणाली, "घरचंच आहे." 

"कुरडू वाळवलात कसा? आमच्याकडे काळा पडतो."

"सावलीत. ऊन दाखवायचंच नाही."

"आणि हा गेरू नसता लावलात तरी चाललं असतं बरं का. सुगडाचा मूळ रंगच छान."

"काकूची हौस," म्हणत आई त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. वाढपी मठ्ठ्याचा जग घेऊन दोनदा येऊन गेला.