पाटील ऑफ व्हाइटरन

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा सरदार झालो. हॉस्टेलच्या खोलीत, रात्री दोन वाजता, फॅनच्या आवाजानं छप्पर उडेल असं वाटायला लावणाऱ्या लॅपटॉपवर. गेम अर्थातच स्कायरिम. २०११चा गेम, आमच्यापर्यंत पाच वर्षांनी पेनड्राइव्हमधून पोचला होता. (कंपनीची माफी मागतो. नोकरी लागल्यावर सेलमध्ये विकत घेतला.)

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: सुरुवातीलाच व्हाइटरन नावाच्या शहराबाहेर एक ड्रॅगन मारावा लागतो. मारला की तिथला यार्ल, म्हणजे राजाच्या खालचा मोठा जहागीरदार, तुम्हाला ‘थेन’ करतो. सोबत एक कुऱ्हाड मिळते, लिडिया नावाची अंगरक्षक मिळते, आणि शहरात घर विकत घेण्याची परवानगी तर ड्रॅगन मारायला पाठवतानाच मिळालेली असते. हो, घर नाही, परवानगी. घराचे पाच हजार वेगळे मोजायचे. वर यार्ल म्हणतो, पहारेकऱ्यांना तुझ्याबद्दल कळवून ठेवतो.

एवढं करून थेनला काम काय? काहीच नाही. ना सारा वसूल करायचा, ना न्यायनिवाडा. पहारेकरी आधीसारखेच आपल्या गुडघ्यात लागलेल्या बाणाच्या गोष्टी ऐकवत राहतात. पण एक खरी सवलत आहे. तुम्ही चोरी केली, पकडले गेलात, की पहारेकऱ्याला सांगायचं, ‘मी इथला थेन आहे, सोड मला.’ तो सोडतो. केलेला गुन्हा पुसला जातो. फक्त हे एकदाच चालतं. त्या मुलखात पुन्हा पकडले गेलात तर दंड भरा नाहीतर तुरुंगात जा. हा नियम मला तेव्हा भयंकर कंजूष वाटला होता.

थेन हा शब्द गेमवाल्यांनी बनवलेला नाही. जुन्या इंग्लंडात राजाची सेवा करायची आणि बदल्यात जमीन धरायची, अशी माणसं थेन म्हणवत. शेक्सपिअरचा मॅकबेथही थेनच. हे वाचलं तेव्हा मी रूममेटला म्हणालो, “अरे, हे तर वतन झालं. म्हणजे आम्हीच की!”

आमचं आडनाव पाटील. माझ्या पणजोबांकडे खरोखरची पाटीलकी होती. सेवेबद्दल जमीन, पोळ्याला पहिले बैल आमचे, होळीची पहिली पोळी आमची. १९६२च्या कायद्यानं वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली. पद गेलं, आडनाव राहिलं. मी कधी गावचा सारा वसूल केलेला नाही, ड्रॅगन मारायचा तर प्रश्नच नाही.

रूममेट हसला नाही. त्याला स्कायरिम फारसा आवडायचाच नाही. तो ड्रॅगन एज : ओरिजिन्स खेळायचा. २००९चा, त्याहून जुना. त्यात सुरुवातीलाच ठरवायचं असतं, जन्म कुठे घ्यायचा. मी एकदा त्याच्या लॅपटॉपवर बसलो आणि विचार न करता ह्यूमन नोबल निवडला : बाप मोठा सरदार, किल्ला, नोकरचाकर, स्वतःचा कुत्रा. तो मात्र दर वेळी ड्वार्फ कॉमनर घ्यायचा. ड्वार्फांच्या त्या जमिनीखालच्या शहरात जाती आहेत आणि हा जातीबाहेरचा. जन्मतःच चेहऱ्यावर खूण गोंदलेली. एके ठिकाणी तो दारू पिऊन पडलेल्या एका योद्ध्याचं चिलखत चढवून त्याच्या जागी स्पर्धेत उतरतो. लढतो, जिंकतो. मग चिलखताच्या आत कोण आहे ते उघड होतं आणि जिंकणं हाच गुन्हा ठरतो.

“दर वेळी हेच काय खेळतोस?” मी विचारलं होतं.

“शिरस्त्राण काढायच्या आधीचे दोन मिनिटं भारी असतात,” तो म्हणाला.

त्याच सेमिस्टरला आम्ही माझ्या बाइकवर चाललो होतो. हेल्मेट दोघांनाही नाही. चौकात हवालदारानं अडवलं, लायसन बघितलं. “पाटील? कुठले?” मी गाव सांगितलं. “घरचेच की. हेल्मेट घालत जा, पाटील.” झालं. पुढे गेल्यावर मागून रूममेट शांतपणे म्हणाला, “मागच्या महिन्यात याच चौकात माझी पावती फाडली होती. त्यालाही मी गावच सांगितलं होतं.” मी गाडी चालवत राहिलो.

थेनची सवलत एकदाच चालते. माझी तिसऱ्या वर्षी पुन्हा चालली. हॉस्टेल सोडून बाहेर खोली बघत होतो. फोनवर बोलायचं काम त्यानं माझ्याकडे दिलं होतं, आणि का दिलं हे मला कळत होतं. खोली पसंत पडली, मालकीणबाईंनी चहा दिला. मग त्याच्याकडे वळून नाव विचारलं. त्यानं स्वतःचं आणि वडलांचं सांगितलं. “पूर्ण?” त्यानं पूर्ण सांगितलं. संध्याकाळी मला एकट्याला फोन आला. दोघांचं जमणार नाही म्हणाल्या, तुम्ही या.

मी गेलो.

कॉलेजपासून जवळ होती, भाडं कमी होतं, परीक्षा तोंडावर होती. कारणं सगळी खरी आहेत. तो हॉस्टेलवरच राहिला. मला काही बोलला नाही, जातानाच त्यानं ड्रॅगन एजचा फोल्डर माझ्या पेनड्राइव्हमध्ये टाकून दिला. बहुतेक मीच मागितला असेल.

तो गेम मी शेवटी ड्वार्फ कॉमनर घेऊन खेळलो. स्पर्धेपर्यंत गेलो, जिंकलो, शिरस्त्राण निघालं. मला काहीतरी कळेल अशी अपेक्षा होती. पण मला एस्केप दाबून मेनूत जाता येत होतं.

तो आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो. वाढदिवसाला मेसेज होतात, खोलीचा विषय कधी निघाला नाही.

गेल्या महिन्यात मी फ्लॅट शोधत होतो. ब्रोकरनं फोनवर बजेट विचारलं, कंपनी विचारली, व्हेज की नॉनव्हेज विचारलं. मग म्हणाला, “सर, पूर्ण नाव?”

माझं सांगून झालं होतं. चार वाजता या म्हणाला, किल्ली घेऊन थांबतो.