दुतोंड्या मारुती आणि आमचा डेटाबेस

पावसाळ्यात नाशिकचा माणूस क्युसेकमध्ये बोलत नाही. गंगापूर धरणातून किती सोडलं ते बातम्यांत येतं; फोनवर प्रश्न एकच, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय?" गुडघे, कंबर, छाती, गळा. नदीपात्रातला हा मारुती जागचा हलत नाही, म्हणून गोदावरी मोजता येते. आमच्या डेटाबेसला असा मारुती नव्हता.

*

काम कांदा निर्यात करणाऱ्या एका पेढीच्या हिशेबाचं. डेटाबेस पोस्टग्रेसवर. खरेदी लासलगाव-पिंपळगावच्या लिलावांतून, माल न्हावा शेवा बंदरात. निर्यात शुल्क काढणाऱ्या फंक्शनला आजवर चार-पाच जणांचे हात लागलेले. बदल केला की एखादी क्वेरी मारायची, आकडा 'बरा दिसतोय' म्हणायचं आणि चहाला जायचं. याला आम्ही टेस्टिंग म्हणत होतो.

*

शेवटी पोस्टग्रेसमध्ये चाचण्या लिहायचं साधन, पीजीटॅप, बसवलं. ऑरॅकलवाल्यांकडे यूटीपीएलएसक्यूएल आहे, एसक्यूएल सर्व्हरवाल्यांकडे टीएसक्यूएलटी. रीत तीच: चाचणी डेटाबेसच्या आतच, त्याच्याच भाषेत लिहायची. बसवायला फार वेळ लागला नाही. दोन दिवस गेले ते रिकामा डेटाबेस आमच्या स्क्रिप्टांवरून पहिल्यापासून उभा करण्यात. तिसऱ्याच फाइलला गाडी अडली. एक टेबल कुणीतरी कधीतरी थेट सर्व्हरवर हाताने बनवलेलं; त्याची स्क्रिप्टच नाही. एकही चाचणी लिहिण्याआधी पहिली चूक सापडली.

*

फाइलचा साचा: बिगिन. प्लॅनमध्ये सांगा, तपासण्या किती. दोन-चार पावत्या घाला. फंक्शनला विचारा, उत्तर अपेक्षित आकड्याशी ताडा. फिनिश. रोलबॅक.

तपासण्या आधी मोजून का सांगायच्या? फाइल अर्ध्यात गचकली तर जेवढं झालं तेवढंच सगळं असं वाटू नये म्हणून. पंगतीआधी पानं मोजतात, तसं.

*

रोलबॅकने सगळं पुसलं जातं, असं मी समजत होतो. पण सिक्वेन्सचा, म्हणजे पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीचा, आकडा मागे येत नाही. पूर ओसरतो, गाळ राहतो. जीएसटीच्या पावतीला सलग क्रमांक लागतात. मधले सात क्रमांक चाचणीने खाल्ले हे ऑडिटरला कोण सांगणार? म्हणून चाचण्यांचा डेटाबेस वेगळा, आणि रोज रात्री नवा.

*

भिंतीवर चिकटवलेल्या ठळक तारखा. मधल्या उलाढाली आणखी आहेत.

१९ ऑगस्ट २०२३: कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क.
८ डिसेंबर २०२३: निर्यातबंदी.
४ मे २०२४: बंदी उठली. शुल्क ४० टक्के, वर टनाला ५५० डॉलर किमान भाव.
सप्टेंबर २०२४: शुल्क २० टक्के.
१ एप्रिल २०२५: शून्य.

निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला या तारखा विचाराव्या लागत नाहीत. आम्ही प्रत्येक तारखेला दोन चाचण्या लिहिल्या: आदल्या दिवसाची आणि त्या दिवसाची. चूक नेहमी उंबरठ्यावर बसलेली असते.

*

बंदीच्या काळात दर काय ठेवायचा? कुणीतरी नल ठेवला होता. नलने गुणलं की नल, आणि सम करताना नल गुपचूप वगळला जातो. बेरीज दिसायला छान. बंदीतली पावती चुकून घातली तर शुल्क नाही आणि तक्रारही नाही. आता तिथे फंक्शनने एरर फेकलाच पाहिजे. ते फेकतं की नाही याची चाचणी 'थ्रोज ओके'ने. बोंब ठोकली तर पास.

*

शुक्रवारी सगळ्या चाचण्या हिरव्या. छापील यादी पेढीच्या हिशेबाच्या काकांना दाखवायला नेली, जरा मिरवायलाच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं. इन्व्हॉइस ३० मार्च २०२५, शुल्क २० टक्के.

"माल सुटला कधी?"

"१ एप्रिलला, काका."

"मग शून्य. कस्टमवाले इन्व्हॉइसची तारीख धरत नाहीत रे. लेट एक्सपोर्ट ऑर्डरची धरतात, एलईओची. माल सोडायची परवानगी मिळते ती."

*

मग ती चाचणी हिरवी कशी? घरी येताना कळलं. अपेक्षित आकडा मी फंक्शन चालवूनच आणला होता. जे फंक्शन तपासायचं, त्यालाच उत्तर विचारून उत्तरपत्रिका केली. पाणी चढेल तसा मारुतीही वर सरकवत गेलो, आणि पाणी गुडघ्याच्या वर जाईना म्हणून खूश.

*

नवा नियम: अपेक्षित आकडा काकांच्या कागदावरून घ्यायचा. पेन्सिलीने केलेला गुणाकार, बाजूला कारण. कागदाचा फोटो चाचणीच्या फाइलशेजारी ठेवायचा. काकांना एसक्यूएल येत नाही. यायची गरज नाही.

*

फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव नुसतं 'तारीख' होतं. ज्याने वापरलं त्याने आपल्या मनातली तारीख घातली. मी ते 'एलईओ तारीख' केलं, आत जिथे इन्व्हॉइसची तारीख जात होती तिथे ही घातली, आणि सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या.

काकांच्या कागदावरची चाचणी हिरवी झाली. बाकीच्यांपैकी नऊ लाल झाल्या. त्या नवांमधले अपेक्षित आकडे माझे होते.